एकशे साठ फेरे

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, सायकल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दप्तर अडकवून कुंपणाला टेकवलेली एखादी गरीब गाय उभी राहील. मी तशातली नव्हे. मी खडीच्या वाटांसाठी बनवलेली सायकल आहे. माझं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर मात्र जाड आणि खरबरीत. डांबरी रस्त्यावर मी पळते आणि खडी, माती, गवत, चिखल यांतूनही अंग चोरत नाही. आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. मी जे ऐकलं आणि पाहिलं, ते सांगायला मला तोंड नव्हतं, आणि ज्यांना तोंड होतं ती माणसं फार सभ्य होती. त्या सभ्यपणापायी काय होऊ घातलं होतं, ते ऐका.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तो वर्षाला जेमतेम पाच-सहा सायकली बनवायचा, पण ज्याची सायकल त्याच्या मापाने. माझी मालकीण त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्याने तिच्या हातांचं, पायांचं, खांद्यांचं माप घेतलं आणि हसू दाबत म्हणाला, "बाई, तुम्हाला मोठी चाकं लावली तर उतरताना शिडी लागेल." बाई उंचीने पाच फुटांच्याही आत होत्या, पण नाकावर माशी बसू देतील तर शपथ. त्या म्हणाल्या, "मग लहान लाव. मला वाट तुडवायची आहे, ढग नाही गाठायचे." म्हणून मला लहान चाकं मिळाली. इतर सायकलींशेजारी उभी राहिले की मी धाकटी बहीण दिसायचे. मला त्याची लाज वाटायची. या वीतभर फरकावर आठ माणसांचे जीव टांगले जातील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बाईंचं काम होतं वाट राखायचं. समुद्राकाठच्या उंच कड्यावरून एक खडीची वाट जायची. एका बाजूला गवताळ माळ, दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र. गाड्यांना तिथे मज्जाव होता. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन यायची, शेतांमधल्या शांत गल्ल्यांतून हिंडायची आणि शेवटी या वाटेने परतायची. कुठे उतरायचं, कुठे हळू जायचं, कुठे आत वळायचं, याचे बोर्ड बाईंनी लावलेले असायचे. वादळांचे महिने सरले की त्यातले निम्मे आडवे झालेले असत आणि काही तर समुद्रात गेलेले असत. मग बाई मला घेऊन निघायच्या आणि एकेक बोर्ड पुन्हा उभा करायच्या.

कुठला बोर्ड कुठे, हे ठरवायची त्यांची एक पद्धत होती. माझ्या पुढच्या चाकाच्या एका स्पोकला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. चाक फिरून चिंधी खाली आली की एक फेरा. बाई फाटकापासून मोजायला सुरुवात करायच्या आणि एका छोट्या वहीत लिहायच्या. बावीस फेरे, खड्डा. एकशे चार फेरे, ओहोळ, सायकल हातात धरा. सगळी वाट त्या वहीत होती, माझ्या फेऱ्यांत लिहिलेली. आम्हा दोघींशिवाय ती कुणाला लागत नव्हती आणि बाईंना त्याचा थोडा अभिमानही होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी मोजता मोजता माझ्या चाकाखालचा आवाज बदलला. खडी नेहमी करकर वाजते. तिथे ती ढबढब वाजली, रिकाम्या पिंपावर टिचकी मारावी तशी. बाई उतरल्या. मागे गेल्या, पुन्हा आल्या. पुन्हा तोच आवाज. वरून पाहिलं तर गवत हिरवंगार, खडी जागच्या जागी, कुठे साधी चीरही नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी खालच्या धक्क्यावरच्या होडीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "खालून पोखरलंय बाई. पाणी आत शिरतं आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मी होडी त्या अंगाला नेतच नाही आता."

बाईंनी गावसमितीला सांगितलं. समितीने बघू म्हटलं आणि बघितलं नाही. मग बाईंनी आपल्यापुरता उपाय केला. पोकळ जागेच्या पुष्कळ अलीकडे एक बोर्ड लावला. 'इथे वाट सोडा, आत वळा.' तिथून गवतातून एक लांब वळसा, आणि पोकळी संपली की पुन्हा वाट. त्या वर्षी तो बोर्ड फाटकापासून दोनशे दहा फेऱ्यांवर होता. पुढच्या वर्षी ढबढब अलीकडे सरकली. एकशे चौऱ्याण्णव. मग एकशे ऐंशी. मग एकशे साठ. दर वर्षी आकडा लिहिताना बाईंचा हात जरा थांबायचा. समुद्र खालून पुढे येत होता आणि आम्ही दोघी वरून त्याचा माग काढत होतो. मला त्या वाटेची भीती वाटू लागली होती, पण सायकलला कोण विचारतं?

आता घरातल्या माणसांबद्दल सांगते. बाईंना एकच लेक. ती मोठी झाली, पाहुण्यांना सायकलवरून हिंडवण्याचं काम तिने हाती घेतलं आणि एका बोर्ड रंगवणाऱ्याशी लग्न केलं. जावई माणूस देखणा, ताडमाड उंच आणि इतका नम्र की दारातून आत येताना दाराचीही माफी मागेल. अक्षर मोत्यासारखं. बाईंचे वेडेवाकडे बोर्ड त्याने एकेक करून नवे रंगवून दिले. बाईंना तो मनापासून आवडायचा. त्यालाही बाईंबद्दल अपार आदर. फक्त एकच गोष्ट व्हायची नाही. ती दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत.

भांडण नव्हतं हो, नुसता आदर! वर स्वयंपाकघरात जेवायला बसली की सगळं खाली माझ्या खोलीत ऐकू यायचं. बाई म्हणायच्या, "जावईबापूंना विचार, अजून भाजी वाढू का." हाताच्या अंतरावर बसलेला जावई बायकोकडे बघून म्हणायचा, "आईंना सांग, पोट भरलं." लेक वैतागून म्हणायची, "मी काय टपालखातं आहे का?" तिघंही हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नऊ वर्षं हे असं चाललं. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

मग बाईंचा गुडघा गेला. एका थंडीत त्या मला घेऊन फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून पायी परतल्या, एक हात माझ्या सीटवर टेकून. घरी आल्यावर त्यांनी मला पुसलं, चेनला तेल दिलं आणि खालच्या खोलीत भिंतीवरच्या हुकाला टांगलं. "आता हिला त्रास नको," असं त्या लेकीला म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या होत्या. पण भिंतीवर टांगलेल्या सायकलीला कौतुक आणि अडगळ यांतला फरक फार दिवस कळत नाही. माझ्या टायरमधली हवा हळूहळू गेली. चिंधीचा लाल रंग विटला. जावयाने आपल्यासाठी एक नवी सायकल घेतली. त्याच्या उंचीला शोभेल अशी, मोठ्या चाकांची. तिची जादाची चाकं माझ्याच शेजारच्या हुकावर लटकू लागली. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे.

त्या वर्षीची वादळं वाईट होती. एकूण एक बोर्ड गेला. आत वळा म्हणणारा बोर्ड तर खांबासकट उडून गेला आणि त्याचा खड्डा मातीने भरून गेला. हंगाम तोंडावर आला होता. जावई लेकीला म्हणाला, "आईंना विचार, बोर्ड मी लावले तर चालतील का." लेकीने विचारलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यांनी वही काढून लेकीच्या हातात दिली. वहीत सगळे फेरे लिहिलेले होते. ते कुठल्या चाकाचे, हे लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी कशाला? बाईंच्या लेखी जगात एकच चाक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको खाली आली. लेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आईची सायकल घे ना. आई हिच्यावरूनच मोजायची."

"छे!" जावई म्हणाला. "आईंच्या सायकलला मी हात कसा लावू? त्या म्हणाल्यात ना, हिला त्रास नको म्हणून."

"बरं, मग तुझी घे. फेरे तर मोजायचेत."

जावयाने एक नवीकोरी लाल चिंधी घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत आपल्या मोठ्या चाकाच्या स्पोकला बांधली. मित्रांनो, माझ्यात रक्त नाही, पण तेव्हा माझ्या नळ्यांतून काहीतरी गार सरकत गेलं. त्याच्या चाकाचा एक फेरा माझ्या फेऱ्याहून वीतभर लांब. एका फेऱ्याला वीतभर म्हणजे काहीच नाही. पण एकशे साठ फेऱ्यांना एकशे साठ विती. अंतर मोजलं तर छत्तीस मीटरच्या वर. आत वळायचा बोर्ड तेवढा पुढे जाणार होता, आणि तेवढं पुढे काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हुकावर लटकून त्याला जाताना बघत राहिले.

संध्याकाळी तो मातीने माखून परतला. फार खूश होता. त्याने बायकोला सांगितलं, आणि ते मी ऐकलं. "वहीत एकशे साठ आहे, पण मी एकशे अठ्ठावन्नवरच लावला. दोन फेरे हातचे राखले, उगाच जोखीम नको. आणि तीनदा मोजलं बरं का!" बिचाऱ्याने काही म्हणून कसूर केली नव्हती. खांब सिमेंटमध्ये पक्का केला होता. बोर्डावर निळ्या रंगात समुद्र काढला होता आणि वर दोन पांढरे पक्षी.

बाई जिन्यावरून अर्ध्यापर्यंत खाली आल्या होत्या. हात कठड्यावर, कपाळाला आठी. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मला ते दिसत होतं. विचारा ना बाई, विचारा, असं मी मनात घोकत होते. बाईंनी तोंड उघडलं. मग बहुधा त्यांना वाटलं असेल, एवढं राबून आलेल्या जावयाला उलटतपासणी कशी करायची? त्या लेकीला म्हणाल्या, "जावईबापूंना म्हणावं दमला असाल, वर या, चहा टाकते." आणि त्या वळून वर गेल्या.

मधल्या दहा दिवसांत होडीवाला एकदा खोलीच्या दारात येऊन गेला. होडी ओढून आणायच्या त्याच्या हातगाडीचं चाक पंक्चर होतं. जावई ते काढत असताना तो सहज म्हणाला, "कड्याखालून आवाज येतोय हल्ली. भरती नसतानासुद्धा येतो."

जावई म्हणाला, "आपली वाट आपण आत वळवलीय काका. काळजी करू नका."

होडीवाल्याने मान डोलावली. त्याचा या घरावर विश्वास होता. सगळ्यांचाच सगळ्यांवर विश्वास होता, आणि माझी चेन हुकावर गंजत होती.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ, वारा मात्र बोचरा. सहा पाहुणे आले. कुणी घट्ट कपड्यांत, कुणी नव्याकोऱ्या हेल्मेटात, एक जाडसर गृहस्थ निघायच्या आधीच दमलेले. लेक सगळ्यांच्या पुढे राहणार होती आणि जावई सगळ्यांच्या मागे. आधी शेतांतल्या गल्ल्या, मग दोन टेकड्या, आणि शेवटी फाटकातून कड्याची वाट. दोन तासांचा फेरफटका. हसत-खिदळत ती आठ जणं गेली आणि खोली रिकामी झाली.

तासाभराने बाई खाली आल्या. लंगडत, भिंतीला धरत. बहुतेक त्यांना घरात करमेना. त्यांनी कपडा घेतला आणि मला पुसायला लागल्या, कितीतरी महिन्यांनी. पुढचं चाक पुसताना सवयीने त्यांनी ते फिरवलं. विटलेली चिंधी वर गेली, खाली आली. "एक," बाई पुटपुटल्या आणि स्वतःशीच हसल्या. मग त्यांची नजर शेजारच्या हुकावर गेली, जावयाच्या जादा चाकावर.

त्यांनी ते चाक हुकावरून काढलं आणि माझ्या चाकाला लावून धरलं. वरच्या कडा एका रेषेत आणल्या. खालच्या कडा जुळेनात. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग त्यांनी आपला अंगठा आणि करंगळी ताणून हवेतच काहीतरी मोजलं, आणि त्यांच्या हातातलं चाक जमिनीवर पडलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई गं!"

त्यांनी लेकीला फोन लावला. लागला नाही. जावयाला लावला. लागला नाही. कड्याकडे रेंज येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दोनदा लावला. मग त्यांनी मला हुकावरून उतरवलं. कसं उतरवलं, त्यांचं त्यांना माहीत. पंप मारला. मागच्या टायरने हवा धरली, पुढच्याने अर्धीमुर्धी. बाई सीटवर बसल्या आणि दुखरा पाय पॅडलवर ठेवताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी कधी विसरणार नाही.

फेरफटका लांबून जात होता. आम्ही मधल्या गाडीवाटेने सरळ फाटकाकडे निघालो. माझी चेन कुरकुरत होती, ब्रेक अर्धेच लागत होते. बाई एकाच पायाने जोर लावत होत्या, दुसरा नुसता फिरत होता. वाटेत त्या एकसारख्या एकच वाक्य म्हणत होत्या, "विचारलं असतं तर काय झालं असतं?" फाटकाशी पोचलो तेव्हा कडी लावलेली होती आणि पलीकडच्या खडीवर आठ सायकलींच्या ताज्या खुणा होत्या.

बाईंनी फाटक ढकललं. सवयच ती, त्या मोजू लागल्या. दहा. वीस. समोरून वारा अंगावर येत होता. ऐंशी. ओहोळ आला, त्या उतरल्या नाहीत. एकशे वीस. एकशे पन्नास. एकशे साठला त्यांनी ब्रेक दाबले. तिथे काही नव्हतं, नुसतं गवत. आणि पुढे, तीस-बत्तीस मीटरवर, निळा बोर्ड उन्हात चमकत होता. बोर्डासमोर सगळी उभी होती.

त्यांना बोर्ड आवडला होता. सायकली वाटेवर टाकून ती फोटो काढत होती. बाईंनी हाक मारली. वाऱ्याने ती मागे नेली. लेकीला आई दिसली, तिने हसून हात हलवला आणि पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी हात हलवले. जावई फोन समोर धरून वाकला होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, म्हणून त्याचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम उडी मारायची! उंच! एक..."

गवतातून वळसा घालायला वेळ नव्हता. बाई सरळ निघाल्या. चार-पाच फेऱ्यांतच माझ्या चाकाखाली ढबढब सुरू झाली. आता तो आवाज पूर्वीसारखा नव्हता. फार खोल होता, आणि आमच्या मागून, पुढून, दोन्हीकडून येत होता. बाईंनी माझी घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

"दोन..." म्हणता म्हणता जावयाने मागे वळून पाहिलं. सासूबाईंना सायकलवर बघून त्याचा फोन खाली आला आणि तीन राहूनच गेलं.

बाई उतरल्या. मला त्यांनी खडीवर अगदी अलगद आडवं ठेवलं. झोपलेलं मूल ठेवावं तसं. आवाज चढवला नाही. "सगळे ऐका," त्या म्हणाल्या. "सायकली आहेत तिथेच राहू देत. पळायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. एकेकाने आत गवताकडे चालत जायचं. मी सांगेन त्याने निघायचं."

"का हो," जाडसर गृहस्थ म्हणाले, "साप आहे की काय?"

"हो," बाई म्हणाल्या. "मोठा आहे. तुम्ही हळू चला."

ते गेले. मग दुसरे, तिसरे. लेक आईजवळ येऊन कुजबुजली, "आई, काय झालंय? तुझा गुडघा..." बाईंनी तिच्या दंडाला धरून तिला गवताकडे वळवलं. "पाहुण्यांना लांब ने. अजून लांब. मागे बघू नकोस." लेकीने आईचा चेहरा पाहिला आणि ती निघाली. साही पाहुणे पार पडले. आता वाटेवर दोघंच उरली, सासू आणि जावई. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं.

बाईंनी माझ्या चाकाकडे बोट दाखवलं. मग त्याच्या सायकलच्या चाकाकडे. दोन्हीकडे लाल चिंध्या. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, मी..."

"ते नंतर. आधी चला."

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नाही, तुम्ही आधी."

"असं कसं, आई? तुम्ही आधी."

मित्रांनो, मी खाली पडल्या पडल्या हे ऐकत होते. माझ्या बाजूचे चार खडे आपोआप हलले आणि एका बारीक फटीत पडले. ते खाली पोचल्याचा आवाज मला बऱ्याच वेळाने ऐकू आला. आणि वर या दोघांचं तुम्ही आधी, तुम्ही आधी चाललं होतं! शेवटी बाईच निघाल्या, कारण त्यांच्या लक्षात आलं की हा भला माणूस त्यांच्या आधी हलणार नाही. त्या लंगडत गवतात पोचल्या. तो चार पावलं मागून येत होता.

आणि मग तो थांबला. वळला. मला खडीवर पडलेली बघून त्याला राहवलं नाही. सासूबाईंची सायकल धुळीत टाकून कसं जायचं? तो परत आला, वाकला आणि त्याने माझ्या हँडलला हात घातला. पहिल्यांदाच. त्याचा तळवा घामाने ओला झाला होता.

गवतातून जी आरोळी आली, ती बाईंची आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

"अरे, टाक ती मेली सायकल! गाढवा, इकडे ये! ये आधी!"

नऊ वर्षांत त्या त्याच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. तो इतका दचकला की हातातून मी सुटले, आणि तो लहान मुलासारखा धावत सुटला. त्याचं शेवटचं पाऊल गवतावर पडलं आणि माझ्याखालची वाट गेली. आधी आवाज आला नाही. आधी नुसतं सगळं खाली गेलं. मी, निळा बोर्ड, सिमेंटचा खांब, त्या आठही सायकली आणि खोलीभर आभाळ. मला मेली म्हटल्याचा राग आला नाही. पडता पडता मी वर पाहिलं, तर बाईंनी त्या ताडमाड माणसाला शर्टाला धरून मागे ओढलं होतं आणि त्या त्याला दोन्ही हातांनी बडवत होत्या आणि रडत होत्या.

आता मी कड्याखाली खडकांमध्ये आहे. माझं पुढचं चाक मुडपलं आहे. दिवसातून दोनदा पाणी माझ्या अंगावरून जातं आणि परत येतं. आठवड्याने होडीवाला त्या दोघांना घेऊन आला होता, जरा लांबूनच. बाई जावयाला एकसारखं दटावत होत्या. "नीट बस. वाकू नकोस. स्वेटर का नाही घातलास?" तोही उलट उत्तरं देत होता. "आई, तुम्ही गप्प बसा, मला बघू द्या." त्याला मी दिसले. मला न्यायचं त्याने होडीवाल्यापाशी दोनदा काढलं, पण होडीवाला म्हणाला की वरचा भाग अजून लटकतोय. मग त्यांनी कड्याची चीर कुठवर गेली आहे ते बघितलं, अंदाजाने काहीतरी लिहून घेतलं आणि वाट आणखी आत नेऊ असं ठरवून होडी वळवली.

ती चीर त्यांना होडीतून दिसली त्याहून पुष्कळ आत गेली आहे. मी इथून रोज बघते आहे. पाणी आत शिरतं आणि फार वेळ बाहेर येत नाही. त्यांनी पुन्हा यावं, जवळून बघावं, पुन्हा मोजावं, आणि एकाने मोजलेलं दुसऱ्याने न लाजता तपासावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. घ्याच. हवा भरा, तेल द्या, भिंतीवर टांगून विसरू नका. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. घरात मोठ्यांना काही विचारायचं असेल, लहानांना काही सांगायचं असेल, आणि त्यांना काय वाटेल म्हणून शब्द ओठांवर अडत असेल, तर त्याला अडवू नका. मला बोलता आलं असतं, तर मी त्याच सकाळी भिंतीवरून ओरडले असते. तुम्हाला बोलता येतं.